पेपरमिंटच्या डबीतला डेल

"डेलला मी सिनेमा दाखवणार म्हणजे दाखवणारच! तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसवून दाखवणार!"

ऑगी नोव्होटनीनं ही घोषणा क्लीव्हलंडमध्ये भेटेल त्याच्यासमोर केली होती. न्हाव्याला सांगितलं. खालच्या बेकरीवाल्या बाईंना सांगितलं. दंतवैद्याला तर आपलं तोंड उघडं आणि त्याचा हात आत असताना सांगितलं. अडचण एकच होती. डेल हॅलोरन नोव्हेंबरात वारला होता, आणि सिनेमा लागणार होता एप्रिलात!

पण ऑगी एकदा बोलला की बोलला. आणि हे तर तो दवाखान्यात, डेलचा हात हातात धरून बोलला होता.

डेल आणि ऑगी मिळून 'काळी गोदी' नावाचं कॉमिक काढायचे. डेल पेन्सिलीनं चित्र काढणार, ऑगी त्यावर ब्रशनं शाई फिरवणार. लोक ऑगीला चिडवायचे, "म्हणजे तू नुसतं गिरवतोस होय रे?" त्यावर डेल शांतपणे म्हणायचा, "मी पावसाच्या रेघा काढतो. भिजवतो हा." बेकरीच्या वरच्या खोलीत दोघांची टेबलं समोरासमोर होती, आणि अर्धं आयुष्य तिथंच गेलं. खालून पावाचा वास यायचा, आणि वर कागदावर डिटेक्टिव्ह गॅरिटी पावसात भिजत कोणाच्या तरी मागावर असायचा. लांब कोट, डोळ्यांवर हॅट, अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा अंधारात. रंग नावालाही नाही. सगळं काळं आणि पांढरं!

डेलची बायको डोलोरेस. तिला या प्रकरणात लोकांना काय दिसतं ते कधीच कळलं नाही. रोज दुपारी ती आपली हिरवी छत्री घेऊन जेवणाचा डबा द्यायला यायची. छत्रीची एक काडी कायमची मोडलेली. टेबलावर डबा आपटायची आणि ताजं पान बघून म्हणायची, "अरे, एवढा पाऊस पडतोय आणि एकाकडेही छत्री नाही? न्यूमोनिया होईल की सगळ्यांना!"

"छत्री दिली की हॅट दिसत नाही, डॉली," डेल म्हणायचा.

"मग मरू देत भिजून!"

डेल गेल्यावर महिन्याभरानं तिनं ऑगीला एकदा सरळच विचारलं. दोघं तिच्या स्वयंपाकघरात बसले होते. "खरं सांग. काय असतं रे त्यात एवढं?"

ऑगीनं बराच विचार केला. "त्यात माणूस मरताना एक तरी धड वाक्य बोलून मरतो गं."

डोलोरेसचा चेहरा पडला, आणि ऑगीला आपली जीभ चावावीशी वाटली. कारण डेलचं शेवटचं वाक्य दोघांनीही ऐकलं होतं. दवाखान्यातल्या ताटाकडे बघून तो म्हणाला होता, "आजही लालच जेली आहे का?" डोलोरेस म्हणाली, "हो." त्यानं तोंड फिरवलं आणि तो गेला. एवढंच! आयुष्यभर ज्यानं गोळ्या खाऊन पडणाऱ्या माणसांच्या तोंडी एकाहून एक वाक्यं घातली, तो स्वतः जाताना जेलीबद्दल बोलून गेला. डोलोरेसला ते फार लागलं होतं. निदान माझं नाव तरी घ्यायचंस, असं तिला वाटायचं, आणि असं वाटतं याची लाजही वाटायची.

त्याच दिवशी ऑगीनं धीर करून विषय काढला. डेलच्या अस्थींची पेटी तिच्या कपाटात होती. "डॉली, त्यातला थोडासा डेल मला देशील का? माझ्या टेबलावर ठेवीन. समोरची खुर्ची रिकामी बघवत नाही गं."

डोलोरेस उठली. मग डेलची पेपरमिंटच्या गोळ्यांची रिकामी डबी घेतली, आतल्या खोलीत गेली, तिथून मागच्या दारानं बाहेर गेली, आणि बऱ्याच वेळानं परत आली. डबीला चारी बाजूंनी चिकटपट्टी होती आणि तिचे डोळे सुजले होते.

"धर. आणि सारखी उघडून बघत बसू नकोस."

तेव्हापासून ती डबी समोरच्या टेबलावर, डेलच्या जागी. ऑगी सकाळी आला की आधी तिच्याशी बोलायचा. "काल आपली टीम पुन्हा हरली रे, डेल. तू सुटलास!" "आज हात फार थरथरतोय बघ." "डोलोरेस बरी आहे. बरी नाही खरं तर." असं सगळं. बायकोच्या पश्चात एकटाच राहणारा माणूस. दुसरं होतंच कोण बोलायला?

आता 'काळी गोदी'वरून काढलेल्या त्या सिनेमाकडे वळू. गावात कॉमिकचं दुकान चालवणारी डीड्रा नावाची तिशीतली मुलगी होती. उंच, धांदरट आणि मनानं फार चांगली. तिनं पहिल्या शनिवारचा दुपारचा खेळ आपल्या गिऱ्हाइकांसाठी अख्खाच्या अख्खा घेऊन टाकला. ही मंडळी कशी असतात ते तुम्हांला ठाऊक नसेल तर सांगतो. सिनेमा नुसता बघणं त्यांना पटत नाही. सगळेच्या सगळे गॅरिटी बनून आले! लांब कोट, तिरपी हॅट, वर केलेली कॉलर. साठ गॅरिटी एका लॉबीत! पॉपकॉर्न देणारा घाबरून हात वर करायच्या बेतात होता.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण सिनेमात माणसांचे चेहरे राखाडी, आणि यांचे गुलाबी नाहीतर सावळे. ते कसं चालणार? म्हणून डीड्रानं लॉबीत एक घडीचं टेबल मांडलं. त्यावर कोल्ड क्रीम, आरसा आणि राखाडी पावडरीच्या डब्या. येईल त्याला खुर्चीत बसवायची आणि दोन मिनिटांत त्याचा रंग उडवायची.

ऑगीही कोट-हॅट घालून आला होता. डोलोरेस मात्र नेहमीच्या फुलाफुलांच्या झग्यात होती, आणि खांद्याला एक भली मोठी पिशवी. पिशवीच्या वजनानं ती एका बाजूला कलली होती. ऑगी पुढे झाला, "दे, मी धरतो."

"हात लावू नकोस!" ती एवढ्या जोरात ओरडली की चार-पाच गॅरिटींनी वळून बघितलं.

"मिस्टर नोव्होटनी!" डीड्रानं टेबलापलीकडून हाक मारली. "या, बसा! कोट काढा म्हणजे डाग पडणार नाही."

आता बघा, ऑगी काही बावळट माणूस नव्हता. त्यानं विचार केला. डबी कोटाच्या खिशात आहे. कोट काढून ठेवला आणि या साठ कोटांत अदलाबदल झाली तर? डेल जायचा कोणाच्या तरी घरी, आणि तिथून थेट धोब्याकडे! छे! म्हणून त्यानं डबी खिशातून काढली आणि आपल्या नजरेसमोर, टेबलावर, अगदी सुरक्षित जागी ठेवली.

पावडरीच्या डब्यांच्या शेजारी!

चिकटपट्टी त्यानं सकाळीच काढली होती. सिनेमा सुरू झाला की झाकण जरासं उघडावं म्हणजे डेलला नीट दिसेल, असा त्याचा हिशेब होता. हसू नका. माणूस गेल्यावर मागे राहिलेला माणूस असलेच हिशेब करतो.

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "अरे, हेच ते ऑगी नोव्होटनी! शाईवाले!" झालं! त्याला उचलल्यासारखं करून पोस्टरसमोर नेलं. फोटो काय, सह्या काय! एका बाईनं दंडावर गोंदलेला गॅरिटी दाखवला. ऑगीनं बारकाईनं बघून "नाक चुकलंय" म्हणून सांगितलं, तरी ती आनंदानं रडली. या सगळ्याला दहा मिनिटं लागली असतील, फार तर पंधरा.

परत आला तर डबी उघडी! आत बोट फिरवल्याच्या खुणा आणि तळाला चिमूटभर धूळ!

"बरं झालं हो, तुम्ही तुमची आणलीत!" डीड्रा हात पुसत म्हणाली. "आमची संपतच आली होती. काय सुरेख बारीक आहे! कुठून मागवलीत?"

ऑगीनं डबीकडे बोट दाखवलं. "कि... किती जणांना?"

"सात-आठ. आणि थोडी माझ्या कपाळाला."

ऑगीनं लॉबीभर नजर फिरवली. कोट, हॅट, राखाडी तोंडं! यातला दुकानातला राखाडी कोणता आणि डेल कोणता? समोरच कर्टिस नावाचा दाढीवाला धिप्पाड गॅरिटी उभा होता. त्याच्या दाढीतून चक्क पावडर गळत होती.

आणि तो शिंकला!

ऑगी धावला. त्यानं पॉपकॉर्नच्या काउंटरवरून कागदी रुमालांचा गठ्ठा ओढला, कर्टिसला कॉलरला धरून खाली वाकवलं आणि त्याचं तोंड हळूहळू, जपून पुसायला लागला.

"काय झालं, सर?"

खरं काय सांगणार? "सावली," ऑगी म्हणाला. "सावली चुकलीय."

हे ऐकून कर्टिसचे डोळे पाणावले! 'काळी गोदी'तल्या सगळ्या सावल्या ज्या हातानं घातल्या, तो हात स्वतः आपली सावली दुरुस्त करतोय! ही बातमी लॉबीभर पसरायला वेळ लागला नाही. लगेच रांग लागली. "सर, माझी बघा!" "माझा डावा गाल चुकलाय का?" ज्यांनी तोंडाला काहीच लावलं नव्हतं, ते धावत जाऊन लावून आले! ऑगी पुसतोय, रुमालाची घडी करतोय, खिशात घालतोय, पुन्हा पुसतोय.

"सर," कर्टिस हळूच म्हणाला, "माझा तो रुमाल मला मिळेल का? सही करून?"

"नाही!"

"एकच!"

"अरे, नाही म्हणतोय ना!"

पण या लोकांना तुम्ही ओळखत नाही. कर्टिसनं ऑगीच्या खिशातून बाहेर आलेलं टोक बघितलं, अलगद ओढलं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तो रुमाल प्लॅस्टिकच्या पिशवीत! मागे पुठ्ठा, वर चिकटपट्टी. ही मंडळी कॉमिक असंच ठेवतात. हवा लागू द्यायची नाही, हात लावू द्यायचा नाही, जन्मात उघडायचं नाही. मग काय! जो तो आपला रुमाल ओढायला लागला. प्रत्येकाच्या खिशात पिशव्या आणि पुठ्ठे तयारच होते!

"दे इकडे!" ऑगी कर्टिसच्या हाताला लोंबकळला. "तो माझा मित्र आहे!"

"मग तसंच लिहा ना, सर. 'माझ्या मित्रास' आणि खाली सही."

तिथं ऑगीचा बांध फुटला. तो जिन्याच्या पायरीवर मटकन बसला, हॅट तोंडावर ओढली आणि हमसून हमसून रडायला लागला. साठ गॅरिटी रुमाल ओढायचे थांबले. कोटाच्या आत म्हातारा माणूस एवढा लहान होऊन बसलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता.

गर्दीतून वाट काढत डोलोरेस आली. "काय झालं? ऑगी, काय झालं?"

ऑगीनं रिकामी डबी पुढे केली. मग अडखळत, नाक ओढत सगळं सांगितलं. "एकच काम होतं गं माझ्याकडे. त्याला घेऊन यायचं आणि बसवायचं. तेवढंही जमलं नाही मला."

एकेक करत हॅट उतरल्या. डीड्रानं कपाळाला हात लावला, तिथं काय लावलंय ते आठवून घाईनं काढला आणि भोकाड पसरलं.

"रडू नकोस!" ऑगी ओरडला. "वाहून जाईल!"

डोलोरेसनं त्या राखाडी तोंडांकडे बघितलं. ती काहीतरी बोलायला गेली, थांबली, पिशवीचा पट्टा घट्ट धरला. शेवटी एवढंच म्हणाली, "सिनेमा सुरू होईल. आत चला सगळे. आणि तोंड कोणी पुसायचं नाही."

तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची ऑगीनं रिकामी ठेवली. डोलोरेसनं तिच्यावर आपली पिशवी ठेवली. ऑगीला ते खटकलं, पण भांडायचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

अंधार झाला आणि पडद्यावर पाऊस सुरू झाला. पांढऱ्या रेघांचा, तिरपा, ऑगीनं ब्रशनं ओढलेला तोच पाऊस! फक्त तो आता हलत होता, वाजत होता. गोदीतले दिवे, ओल्या फरशीवर लांबच लांब सावल्या, बोटींचे भोंगे. गॅरिटी सिगारेट शिलगावतो तेव्हा काडीच्या उजेडात फक्त त्याची हनुवटी दिसते, ती हनुवटी डेलनं आपल्या बापावरून घेतली होती. पहिली गोळी सुटली. एक हमाल पोत्यांवर कोसळला आणि मरता मरता म्हणाला, "हॅट सांभाळ, गॅरिटी. डोकं तुझं तसंही कामाचं नाही." मागच्या रांगांमधले साठ गॅरिटी त्याच्याबरोबर ते वाक्य पुटपुटले. त्यांना सगळी वाक्यं पाठ होती. पुढची काही दृश्यं ऑगीला दिसलीच नाहीत, कारण त्याचे डोळे भरले होते. बघ रे, डेल, बघ, असं तो मनात म्हणत होता, आणि डेल नक्की कोणत्या रांगेत आहे तेच त्याला माहीत नव्हतं.

शेवट जवळ आला. गॅरिटी जखमी होऊन धक्क्यावर बसलाय. पाऊस कोसळतोय. दूर, अगदी मागे, एक बाई हातात डबा घेऊन धक्का ओलांडतेय. डेलनं काढलेल्या शेवटच्या पानावर ती होती, आणि ऑगीनंच थरथरत्या हातानं तिला शाई केली होती. पण कागदावर तिच्या हातातली छत्री काळी होती. इथं ती होती हिरवीगार! दोन तासांच्या सिनेमात तेवढा एकच रंग, डेलनंच सिनेमावाल्यांना सांगून ठेवलेला असणार. आणि छत्रीची एक काडी मोडून खाली लोंबत होती.

डोलोरेसनं ऑगीचा दंड पकडला. तिची नखं रुतली.

"काडीसुद्धा मोडकीच दाखवलीय मेल्यानं!" ती म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. छत्री पडद्यावरून जाईपर्यंत ती रडत होती, आणि गेल्यावरही.

नावं येऊन संपेपर्यंत कोणी उठलं नाही. डेलचं नाव आलं तेव्हा सगळे उभे राहिले.

बाहेर लॉबीत दिवे लख्ख होते. राखाडी चेहऱ्यांवर अश्रूंचे ओघळ. कर्टिस पुढे आला. त्यानं तो प्लॅस्टिकमधला रुमाल दोन्ही हातांनी डोलोरेसपुढे धरला. "मॅडम, हे तुमचे आहेत." त्याच्यामागे दुसरा, तिसरा. डीड्रा आपलं कपाळ पुढे करून उभी. डोलोरेसला ते बघवेना.

"बस करा!" ती म्हणाली. "ती शेगडीची राख आहे!"

"काय?" ऑगी म्हणाला.

"मागच्या अंगणातल्या शेगडीतली. तुला द्यायची म्हणून पेटी उघडली रे, ऑगी. चमचा हातात घेतला. आणि मला कळेचना, यातला कुठला देऊ? चमच्यात त्याचा उजवा हात आला तर? मग तो तिकडे चित्र कशानं काढेल? नाही देववला मला. आणि तुला नाही म्हणवेना."

"म्हणजे मी इतके महिने रोज सकाळी कोणाशी बोलत होतो?"

"सॉसेजशी," डोलोरेस म्हणाली. आणि नाक पुसत पुढे म्हणाली, "सप्टेंबरात त्यानंच भाजले होते. शेवटचे. ती राख काढून टाकायचं मला अजून जमलेलं नाही."

"आणि डेल?"

तिनं पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. आत लाकडी पेटी होती. "तिसरी रांग, कडेची खुर्ची. तू म्हणाला होतास ना दाखवणार? दाखवलास."

तिनं पेटी काढून त्याच्या हातात दिली. ऑगीला वाटलं होतं त्याहून ती जड होती. तो तिला छातीशी धरून उभा राहिला, आणि काही बोलावंसं वाटलं तरी बोलला नाही, कारण जे सांगायचं ते सगळं तो सॉसेजना सांगून बसला होता.

"सर," कर्टिसनं अदबीनं विचारलं, "मग हा रुमाल मी ठेवला तर चालेल का?"

सोमवारी सकाळी डोलोरेस स्वयंपाकघरात चहा करत होती. मागच्या अंगणात काहीतरी खुडबुड झाली. खिडकीतून बघते तर ऑगी! शेगडीसमोर गुडघ्यांवर बसलेला, एका हातात पेपरमिंटची डबी, दुसऱ्या हातात खोलीतून आणलेला इवलासा चमचा.

"हे काय चाललंय?"

ऑगी ओशाळला. "इतके महिने सगळं यालाच सांगितलंय गं. आता पुन्हा पहिल्यापासून कोणाला सांगत बसू?"

डोलोरेस ओट्याकडे वळली. मग खिडकीतून तिनं त्याला आमटीचा मोठा डाव दिला.